सोळाव्या शतकातला इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली याचं 'मांद्रागोला' हे नाटक नुसता चावट फार्स आहे, की त्यामागे काही इतिहासही आहे?

चावट तर आहेच, ते कशाला नाकारायचं. पण इतिहास शोधायला फार लांब जावं लागत नाही, तो नाटकाच्या सुरुवातीच्या निवेदनातच आहे. तिथे प्रेक्षकांना सांगितलंय की हा हलकाफुलका विषय गंभीर माणसाला शोभत नसेल, तर लेखकाला सांभाळून घ्या. दुसऱ्या कुठल्या कामात कर्तबगारी दाखवायची सगळी दारं त्याला बंद झालीत, म्हणून तो आपले वाईट दिवस असल्या उद्योगात जरा गोड करून घेतोय.

यात नाटकीपणा काही नाही. १४९८ पासून हा माणूस इटलीतल्या फ्लॉरेन्स या शहराच्या प्रजासत्ताकात सचिव होता. फ्रान्सच्या राजाकडे, पोपकडे बोलणी करायला जायचा. १५१२ मध्ये स्पेनच्या फौजेच्या जोरावर आधी शहरावर सत्ता गाजवलेलं मेदिची घराणं परतलं आणि याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून तुरुंग, हात मागे बांधून दोरीने वर खेचायचा आणि खाली सोडायचा छळ, आणि सुटल्यावर शहराबाहेरच्या शेतावरचं घर. सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी यावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक 'द प्रिन्स' त्या घरातलं, आणि साधारण १५१८ च्या सुमाराचं हे नाटकही त्याच बेकारीतलं.

गोष्ट थोडक्यात अशी. पॅरिसमध्ये वाढलेला कालीमाको हा तरुण लुक्रेत्सियाच्या रूपाची कीर्ती ऐकून फ्लॉरेन्सला येतो. तिचा नवरा निचा वकील आहे, पैसेवाला आहे आणि मूल हवं म्हणून अगदी मेटाकुटीला आलाय. लिगूरिओ नावाचा एक आयतखाऊ कारस्थानी डाव रचतो: कालीमाकोने डॉक्टर बनायचं, मूल होण्यासाठी मांद्रागोला या वनस्पतीच्या मुळीचं औषध द्यायचं आणि सांगायचं की औषध घेतल्यावर बाईजवळ जो पहिला झोपेल तो आठ दिवसांत मरेल. लुक्रेत्सियाला तिची आई आणि पाद्री तिमोतेओ पटवतात. मग निचा स्वतःच रस्त्यावरून एक भणंग पकडून आणून बायकोच्या खोलीत सोडतो. तो भणंग कोण, हे सांगायला नकोच.

निचाच्या मूर्खपणाचा मासला पाहा. फ्लॉरेन्सच्या बाहेर जायला तो नाखूश असतो. तुम्हाला कॅथीड्रलचा घुमट नजरेआड झालेला चालत नाही, असं लिगूरिओ टोचतो. त्यावर हा फुशारकी मारतो की आपण पिसाला गेलोय, लिव्होर्नोला समुद्रसुद्धा पाहिलाय. आर्नो नदीपेक्षा केवढा मोठा? तर चौपट, सहापट, सातपट! नुसतं पाणी, पाणी, पाणी. आणि हाच माणूस डॉक्टरच्या तोंडून चार लॅटिन वाक्यं ऐकली की विरघळतो. असे पुस्तकी विद्वान तेव्हा शहरात किती असतील याचा अंदाज येतो.

नाटकातला काळ १५०४ चा आहे, म्हणजे प्रजासत्ताक उभं होतं आणि लेखक नोकरीत होता तो. त्यामुळे मला हे मेदिचींपेक्षा हातातून गेलेल्या त्या प्रजासत्ताकाच्या नागरिकांवरचं नाटक वाटतं. नायिकेचं नावही उगाच ठेवलेलं नाही. लिव्ही या प्राचीन रोमन इतिहासकाराच्या ग्रंथात राजपुत्राने बलात्कार केल्यावर लुक्रेशिया जीव देते, त्यातून रोममधली राजेशाही उलथते आणि प्रजासत्ताक येतं. मॅकियाव्हेलीने लिव्हीवर अख्खा ग्रंथ लिहिलाय, त्यामुळे हे साम्य त्याच्या नकळत आलं असं मी मानणार नाही. इथली लुक्रेत्सिया जीव देत नाही. सकाळी ती कालीमाकोला जे सांगते त्याचा आशय असा: तुझी लबाडी, नवऱ्याचा खुळेपणा, आईचा भोळसटपणा आणि पाद्र्याचा दुष्टपणा यांनी मला हे करायला लावलं, तर ही वरचीच इच्छा समजते आणि यापुढे तूच माझा धनी. बरेच जण हा सुखान्त म्हणून हसून सोडून देतात. मला ते जमत नाही. सगळ्यांनी मिळून कोपऱ्यात ढकललेली बाई उरलेल्यातला बरा सौदा करते, असंच ते वाचताना वाटतं. आणि निचा? तो खुशीत त्या 'डॉक्टर'ला घराच्या खोलीची किल्ली देऊन टाकतो.

'द प्रिन्स'चंच हे विनोदी रूप, असं सरसकट म्हटलं जातं तेही मला पटत नाही. कालीमाको कसला प्रिन्स? तो प्रेमात रडकुंडीला आलेला पोरगा आहे. सगळी बुद्धी लिगूरिओची, आणि त्याला राज्य नकोय, जेवण हवंय. घाट मात्र प्लॉटस-टेरेन्सच्या रोमन विनोदी नाटकांचा: पाच अंक, मूर्ख म्हातारा, चतुर परोपजीवी. टेरेन्सच्या एका नाटकाचं भाषांतर मॅकियाव्हेलीने स्वतः केलं होतं.

पाद्री तिमोतेओ मात्र रोमन साच्यातला नाही, तो त्याच्याच काळातला. एक विधवा त्याच्याकडे नवऱ्याच्या आत्म्यासाठी पैसे देते आणि यंदा तुर्क इटलीत येतील का, असं विचारते. प्रार्थना केली नाहीत तर येतील, असं हा सांगतो! लुक्रेत्सियाला पटवताना वंश टिकावा म्हणून बापाजवळ झोपलेल्या, बायबलमधल्या लोटच्या मुलींचा दाखला देतो, आणि हे पाप बुधवारी मांस खाण्याइतकंच, तीर्थाच्या पाण्याने धुऊन निघणारं, असंही म्हणतो. चर्चच्या गैरकारभाराविरुद्ध मार्टिन ल्यूथरने उठवलेला वाद १५१७ चा, म्हणजे हे अगदी त्याच हवेतलं. आणि गंमत म्हणजे हे नाटक पोप लिओ दहाव्याला आवडलं. हा पोप मेदिचीच, ज्या घराण्याने लेखकाला तुरुंगात टाकलं त्यातलाच.

इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात आणि एका बैठकीत वाचून होतं. वेळच नसेल तर निदान तिसरा अंक वाचा, पाद्र्याची सगळी वकिली त्यातच आहे.