सरासरी पाणी कोणी पीत नाही

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जुन्या जलशुद्धीकरण प्लांटचं मूल्यमापन हाती आलंय आणि तू अडकलीस कुठे, तर वाळूचे फिल्टर ठेवावेत की मेंब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, सुचवावं यात. शिवाय वर्षाचा सरासरी गढूळपणा 0.8 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), मानकाच्या 1 च्या आत, मग प्लांट चांगला म्हणू का, असं विचारतेस. नाही म्हणायचा! सरासरी पाणी कोणी पीत नाही. त्या दिवशी नळाला येतं ते पितात.

कोकणातल्या एका गावाचा प्लांट मी आखला, तेव्हा नदीचे नमुने मार्च-एप्रिलमध्ये घेतले. निवळशंख पाणी. अंदाजपत्रक कमी करा म्हणून वरून निरोप आला आणि मी चुन्याच्या टाक्या काढून टाकल्या. जूनच्या पहिल्या पुरात नदी लाल झाली. गाळाच्या गुठळ्या होऊन तो खाली बसावा म्हणून ऑपरेटर तुरटी वाढवत गेला. 1 मिलिग्रॅम तुरटी जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, खाते, आणि तिथल्या पावसाळी पाण्यात ती मुळातच जेमतेम. ती भरून काढणारा चुना मीच काढून टाकला होता. पीएच घसरला, गुठळ्या धरेनात, गाळ सरळ फिल्टरवर गेला. आठ दिवस गावाने ते पाणी प्यायलं. दवाखान्यापुढची लहान मुलांची रांग मी पाहिली आहे. वर्षाची सरासरी तरीही छान आली. मला सांगितलं गेलं होतं हे खरं, पण सही माझी होती. पुढे एकाही अंदाजपत्रकातून मी चुना काढू दिला नाही. त्यापायी दोन बदल्या सोसल्या. हट्टी म्हणाले. म्हणू देत, त्या हट्टात माझं चुकलं नव्हतं.

अमेरिकेतल्या मिलवॉकीत 1993 साली असेच थोडे दिवस गाळलेलं पाणी गढूळलं. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा सूक्ष्म परजीवी नळांत उतरला आणि सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. थोडे दिवस, पोरी!

मेंब्रेनचं नंतर बघू. पुराचा गाळ आधी खाली बसवला नाही तर तेही तुंबतं, आणि मग ते धुणार कोण, हे त्या नगरपालिकेला विचारलंस का? आधी प्रत्येक फिल्टरचं पाणी वेगळं तपास, बॅकवॉशनंतरचा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतल्यानंतरचा, पहिला अर्धा तास तर सोडूच नकोस. सगळ्या फिल्टरचं पाणी टाकीत एकत्र आलं की तीही सरासरीच, तिच्यात एक बिघडलेला फिल्टर सुखाने लपतो. जार टेस्ट, म्हणजे भांड्यांत वेगवेगळी तुरटी घालून योग्य मात्रा ठरवायची चाचणी, पुराच्या पाण्यावर, तिथेच कर, पीएच आणि अल्कता मोजून. गाळ बसवायच्या टाक्यांपैकी, म्हणजे क्लॅरिफायरपैकी, एक बंद ठेवून बाकीच्या निभावतात का बघ. सरासरी पाणी कोणी पीत नाही, हे पुन्हा लिहितोय, कारण तुझ्या तक्त्यात जुलैसाठी एकच ओळ आहे.

पहिल्या पुराच्या रात्री प्लांटवरच मुक्काम कर. रात्रपाळीच्या ऑपरेटरजवळ बस, त्याची वही माग. पाच नंबरचा फिल्टर बाकीच्यांच्या दुप्पट वेळा धुतला जातो, असं तूच सहज लिहिलंयस. त्याचे त्या रात्रीचे आकडे मला पाठव, मी वाट पाहतो.

तुझा काका