वहीतले रकाने

बाळा, बाप्तिस्म्याआधी तू वहीत उपास, प्रार्थना, दान असे रकाने आखलेस, ते पाहून मला माझीच वही आठवली. एकदा उपासाच्या दिवशी, तासभर प्रार्थना करून दादरला लोकलमध्ये चढले आणि तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून एका गरोदर बाईशी भांडले. जागा मी मिळवली. ती कुर्ल्यापर्यंत दांडी धरून उभी. रात्री 'उपास पूर्ण' लिहिताना हात थांबला.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय काढ, ९ ते १४ वचनं. मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची येशूने सांगितलेली गोष्ट आहे ती. एक परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी. तो आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, द्यायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं गं! दुसरा जकातदार, लोक ज्याला पापी समजायचे असा कर गोळा करणारा. पण त्याला वर बघायचाही धीर होईना. ऊर बडवत त्याने फक्त दया मागितली, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो. यशया संदेष्ट्याने मळक्या वस्त्राची उपमा आपल्या नीतिमत्त्वाला दिलीय, नुसत्या पापांना नाही. हे मला फार उशिरा उमगलं.

मग चांगलं वागायचंच नाही का? वागायचं की. बायबलमधल्याच इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ८-९ वचनं सगळ्यांना पाठ असतात: तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं, विश्वासाद्वारे, कर्मांनी नव्हे. तू १०वं सोडू नकोस. सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला घडवलंय. झाड आधी, फळं मागून.

वही फाडू नकोस हं. रकाने खोड, आणि ज्यांच्याशी तू वाईट वागलीस त्यांची नावं लिही, प्रार्थनेसाठी. माझ्या वहीत पहिली ती बाई आहे, नाव माहीत नसलेली.