व्हेलसाठी कुठली वाइड लेन्स?

प्रश्न: नमस्कार सर, मी राजारामपुरीतली. ऑगस्टमध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर हंपबॅक व्हेल बघायला चाललोय, स्नॉर्कल करत पाण्यातून फोटो काढायचेत. कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा आहे. उजेड कमी असतो म्हणतात, मग १६-३५ एफ/२.८ घेऊ का एफ/४, की सरळ फिशआय, ती कडा गोलसर वाकवणारी अतिवाइड लेन्स?

उत्तर: ताई, २.८ च्या मागं लागू नका. जमिनीवर ती एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, लाखमोलाची, पण पाण्यात डोम पोर्टमागं, म्हणजे हाउसिंगच्या (कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ पेटीच्या) पुढच्या घुमटाकार काचेमागं, लेन्स पूर्ण उघडली की कोपरे पार मऊ पडतात, म्हणजे शेवटी एफ/५.६ किंवा एफ/८ वरच यावं लागतं, मग जादा पैसे कशाला घालायचे? एफ/४ घ्या आणि वाचलेले पैसे मोठ्या, ८ इंची डोममध्ये घाला, खरा फरक तिथं पडतो. फिशआय लहान डोममागंही छान चालते, पण व्हेल लांब राहिली तर १४ मीटरचा जीव फोटोत बोटाएवढा दिसतो, आणि जवळ यायचं की नाही हे तीच ठरवणार, आपण पाठलाग करायचा नाही म्हणजे नाही. पाण्यात लेन्स बदलता येत नाही, म्हणून १६-३५ झूमच बरी.

फ्लॅश घरीच ठेवा, एवढ्या मोठ्या अंगावर उजेड पोचतच नाही, नुसते पाण्यातले कण चमकतात. शटर १/२५० च्या खाली नको, आयएसओ ऑटो, ३२०० पर्यंत बिनधास्त, आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, निळा रंग नंतर सावरता येतो.

जायच्या आधी हाउसिंग घेऊन संध्याकाळी पोहायच्या टँकवर चार दिवस सराव कराच.