घरपट्टी, वारसनोंद आणि पूररेषा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं घर स्लॅबचं, पुढच्या एका खोलीत किराणा दुकान. यंदा घरपट्टी एकदम वाढून आली. ग्रामपंचायतीत विचारलं तर ‘शासनाचा नियम आहे’ एवढंच उत्तर मिळतं. दाद कुठं मागायची? (कराड तालुका)

दाद मागण्याआधी नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा काढा. बिलावर नुसती रक्कम असते. ती कुठून आली ते उताऱ्यावर कळतं. 2015 च्या अखेरीस नियम बदलले, तेव्हापासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. जागेचं क्षेत्र गुणिले रेडी रेकनरचा (शासनाने ठरवलेल्या जमिनीच्या किमतीचा) दर, अधिक बांधकामाचं क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (बांधकाम जुनं झाल्याबद्दलची घट). या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणतात : राहत्या घराला 1, दुकानाला 1.25. मग दर हजारी ग्रामपंचायतीने ठरवलेला कर.

समजा सगळं राहतं घर, जागा 100 चौरस मीटर, दर 500 रुपये : 50,000. बांधकाम 60 चौरस मीटर, दर 15,000, घसारा 0.75 : 6,75,000. एकूण 7,25,000. हजारी 1.20 रुपये दराने घरपट्टी झाली 870. आता उताऱ्यात बांधकामाचं वर्षच लिहिलेलं नसेल आणि म्हणून घसारा धरला नसेल, तर हाच आकडा 1,140 होतो. वर सगळं घर दुकान म्हणून धरलं तर 1,425! त्यामुळे चार रकाने नीट पाहा : बांधकामाचं वर्ष, प्रकार (पत्र्याच्या पडवीला स्लॅब लिहिलेलं सापडतं), वापर आणि क्षेत्र. चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात गेला, तर कर जवळपास अकरा पट होतो.

चूक दिसली की लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं दप्तरी राहत नाही. तिथं भागलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. त्या वेळी यादी हरकतींसाठी लावतात, तेव्हाच दुरुस्ती करून घेणं सगळ्यांत सोपं. दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी यांचे रकाने वेगळे असतात. वाढ त्यांत तर नाही ना, तेही बघा. वाद चालू असला तरी बिल थकवू नका, ‘हरकत राखून’ असं लिहून भरा. घरात कुणी निवडणुकीला उभं राहणार असेल, तर थकबाकीचा मुद्दा छाननीत हमखास निघतो.

प्रश्न : वडील वारले. सातबाऱ्यावर आम्हा भावांची नावं लागली, पण घरपट्टी अजून त्यांच्याच नावाने येते. (तासगाव तालुका)

येणारच. सातबारा महसूल खात्याचा, नमुना 8 ग्रामपंचायतीचा. एकाची नोंद दुसरीकडे आपोआप जात नाही. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीची) नक्कल जोडून ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज द्या.

पत्रात ‘आम्हा भावांची’ असं आहे. बहिणी असतील तर त्याही वारस आहेत, लग्न झालेलं असो वा नसो. त्यांची नावं गाळून केलेला फेरफार पुढं जमीन विकताना किंवा कर्ज काढताना अडतो. त्यांना हक्क सोडायचा असेल तर हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तलाठ्यापुढचा जबाब त्यासाठी पुरत नाही. आणि नमुना 8 वर नाव लागलं म्हणजे घराची मालकी सिद्ध झाली, असंही समजू नका. तो कर कोणाकडून घ्यायचा याचा कागद आहे. गावठाणातल्या घरासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मिळकत पत्रिका पाहा. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल, तर चौकशीच्या वेळी हजर राहून हद्द आणि नाव तपासून घ्या.

प्रश्न : माझे पती सैन्यातून निवृत्त झाले होते, आता हयात नाहीत. घरपट्टी माफ होते का? (सातारा तालुका)

होते. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना 2020 च्या शासन निर्णयाने एका राहत्या घराची सवलत आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत अर्ज करा. पाणीपट्टी मात्र भरावी लागेल.

प्रश्न : कृष्णाकाठी घर बांधलं. घरपट्टी लागली, वीजही आली. आता ‘पूररेषेत आहे’ म्हणतात. (पलूस तालुका)

घरपट्टी लागल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, वीज मीटरनेही नाही. पूररेषा दोन असतात : वरचेवर येणाऱ्या पुराची निळी आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत म्हणजे नदीकडे बांधकामाला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात निर्बंध आहेत. पाटबंधारे विभागाकडे गट नंबर देऊन आपली जागा कोणत्या रेषेत येते ते लेखी मागवा. वरचा मजला चढवायचा बेत असेल तर ते पत्र हाती येईपर्यंत थांबा.