लेन्समधलं स्टॅबिलायझेशन की बॉडीमधलं? आधी फोकल लेंथ सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातातल्या मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी प्रतिमा स्थिर ठेवणारी सोय) नाही. आता स्टॅबिलायझेशन असलेली नवी बॉडी घ्यावी, की आहे तीच बॉडी ठेवून स्टॅबिलाइज्ड १००-४०० मिमीची टेलिझूम (लांबचं जवळ आणणारी लेन्स) घ्यावी? घरातल्या कमी उजेडात माणसांचे फोटो काढता आणि आता पक्ष्यांकडे वळायचं आहे. "बॉडीत एकदा आलं की सगळ्याच लेन्सना मिळतं, मग लेन्समध्ये कशाला पैसे घालायचे?" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय.

माझं उत्तर आधी सांगतो. पक्ष्यांसाठी लेन्समधलंच घ्या. घरातल्या माणसांसाठी दोन्हींचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. तिथे मोठ्या ॲपर्चरची (जास्त प्रकाश आत घेणारी) प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंथची, लेन्स जास्त कामाला येईल.

याचं कारण भूमितीत आहे. हात हलतो तेव्हा कॅमेरा मुख्यतः वर-खाली किंवा डावी-उजवीकडे किंचित कलतो. टॉर्च हातात धरून मनगट जरासं हलवा. जवळच्या भिंतीवर उजेड इंचभर सरकेल, लांबच्या भिंतीवर हातभर. सेन्सरवरची (प्रकाश टिपणाऱ्या चिपवरची) प्रतिमाही अशीच सरकते आणि इथे अंतराच्या जागी फोकल लेंथ येते (ती मिमीत मोजतात, जेवढी जास्त तेवढं लांबचं जवळ दिसतं). कॅमेरा ०.१ अंशाने कलला तर ५० मिमी लेन्समध्ये प्रतिमा साधारण ०.०९ मिमी सरकते, ४०० मिमी लेन्समध्ये ०.७ मिमी. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिमीचा असतो. म्हणजे तोच हात, तीच थरथर, पण एकीकडे पंधराएक पिक्सेलचा फराटा आणि दुसरीकडे शंभराहून जास्त पिक्सेलचा.

बॉडीमधल्या पद्धतीत हा सरकलेला भाग भरून काढायला सेन्सर स्वतः सरकतो. त्याला सरकायला जागा मात्र काही मिलिमीटरच असते, आणि लेन्स जेवढं प्रकाशवर्तुळ टाकते त्याच्या बाहेर जाऊनही चालत नाही. अर्ध्या अंशाचा कल आला तर ४०० मिमीला प्रतिमा साडेतीन मिलिमीटर सरकते. एवढं अंतर सेकंदात कित्येकदा, अचूकपणे कापणं सेन्सरला जड जातं. लेन्समधल्या पद्धतीत काचांचा एक छोटा गट प्रकाशाच्या वाटेतच आडवा सरकतो. तो त्या विशिष्ट लेन्ससाठीच रचलेला असतो, त्यामुळे त्याच्या थोड्याशा हालचालीने मोठा कल सावरता येतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ऑलिंपसने वर्षानुवर्षं बॉडीमधल्या स्टॅबिलायझेशनचाच आग्रह धरला होता. २०१२ च्या ई-एम५ मध्ये पाच अक्षांचं (दोन दिशांना कलणं, दोन दिशांना सरकणं आणि फिरणं सावरणारं) स्टॅबिलायझेशन त्यांनीच पहिल्यांदा आणलं. पण २०१६ मध्ये ३०० मिमी एफ/४ लेन्स (एफपुढचा आकडा लहान तेवढं ॲपर्चर मोठं) काढताना त्यांनीही लेन्समध्ये स्टॅबिलायझर बसवला. कॅननचे आकडे तर आणखी बोलके आहेत. त्यांच्या मिररलेससाठीच्या आरएफ लेन्सपैकी २४-१०५ एफ/४ ला लेन्सचे स्वतःचे ५ स्टॉप (म्हणजे काय ते पुढे सांगतो) मिळतात आणि आर५ बॉडीबरोबर तेच ८ होतात. आरएफ १००-५०० लाही स्वतःचे ५ स्टॉप आहेत, पण त्याच बॉडीबरोबर ते ६ च होतात. म्हणजे छोट्या लेन्सला बॉडीने तीन स्टॉपची भर घातली, लांब लेन्सला एकाची. आणि आरएफ ८५ एफ/१.२ मध्ये स्टॅबिलायझर अजिबात नाही, तरी तिथे एकट्या बॉडीच्या जोरावर ८ स्टॉप सांगितले जातात. बॉडी कुठे राज्य करते आणि कुठे नुसती साथ देते, ते या तीन लेन्सवरून स्पष्ट दिसतं.

स्टॉप म्हणजे काय तेही पाहू, कारण जाहिरातीतल्या आकड्याने गोंधळ होतो. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं. ४०० मिमीला हातात धरून शटरचा वेळ साधारण १/४०० सेकंद लागतो असं धरलं, तर चार स्टॉपने तो १/२५ पर्यंत खाली येतो. हे आकडे मात्र ठरावीक लेन्स लावून, हलणाऱ्या यंत्रावर कॅमेरा बसवून मोजलेले असतात. चढ चढून धापा टाकत असताना ते मिळणार नाहीत. मी स्वतः जाहीर आकड्यातून दोन स्टॉप वजा करूनच हिशेब करतो.

आता बॉडीच्या बाजूने बोलायला हवं, कारण लेन्सला न जमणाऱ्या काही गोष्टी ती करते. पहिली म्हणजे क्षितिजाचा कल. शटर दाबताना कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती किंचित फिरतो. लेन्समधला काचांचा गट कितीही सरकवला तरी प्रतिमा फिरवता येत नाही, सेन्सर मात्र फिरू शकतो. मंद शटरवर कोपरे पुसट आणि मधला भाग धारदार असे फोटो येत असतील तर कारण बहुधा हेच असतं. चालत व्हिडिओ काढणाऱ्यांना तर हा फरक लगेच जाणवतो.

दुसरी गोष्ट जवळून काढलेल्या फोटोंची. मॅक्रोत कॅमेरा कलण्यापेक्षा तो अख्खाच बाजूला सरकणं जास्त नडतं. एकास एक आकारात (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) कॅमेरा अर्धा मिलिमीटर सरकला की प्रतिमाही सेन्सरवर अर्धा मिलिमीटर सरकते. दूरच्या डोंगराच्या फोटोत हेच सरकणं कळतही नाही. लेन्समध्येही यावर उपाय झालाय, कॅननच्या २००९ च्या १०० मिमी एल मॅक्रोमध्ये तो आहे, पण अशा लेन्स थोड्या. शिवाय पुढे-मागे डुलल्याने फोकस जातो, त्याला यातलं कुणीच वाचवत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. जुनी मॅन्युअल लेन्स ॲडॅप्टरने लावली तरी ती स्थिर होते. फक्त मेनूत फोकल लेंथ हाताने भरावी लागते, कारण अशी लेन्स ती स्वतः कळवत नाही. ५० मिमीसाठी भरलेला आकडा १३५ मिमी लावल्यावर तसाच राहिला तर दुरुस्ती अपुरी पडते. उलट झालं तर दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते आणि स्टॅबिलायझरच फोटो हलवतो. बॉडी दोषी ठरवण्याआधी हा आकडा तपासाच.

सेन्सर हलवता येतो म्हणून आणखीही काही साधतं. पेंटॅक्सच्या ॲस्ट्रोट्रेसरमध्ये तो ताऱ्यांच्या गतीने सरकतो. ऑलिंपसच्या २०१५ च्या ई-एम५ मार्क २ मध्ये तो अर्ध्या पिक्सेलने सरकत आठ फोटो घेतो आणि त्यातून ४० मेगापिक्सेलचा एक फोटो बनतो.

डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) काळात लेन्सच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य लेन्समधल्या स्टॅबिलायझरनेच स्थिर व्हायचं, बॉडीतला सेन्सर आरशामागे काय करतोय ते डोळ्याला कळायचं नाही. कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० लेन्समध्ये हे तंत्र आणलं तेव्हा फिल्म होती, आणि फिल्म सरकवणं व्यवहार्य नव्हतं. मिररलेसमध्ये आपण सेन्सरचंच चित्र पाहतो, त्यामुळे हा मुद्दा आता उरलेला नाही. जुन्या लेखांत तो अजून सापडतो, तुमच्यासाठी तो सोडून द्या.

आता घरातली माणसं. स्टॅबिलायझर तुमचा हात थांबवतो, समोरच्याचा नाही. बोलणाऱ्या, हसणाऱ्या माणसाला १/१२५ च्या आसपास लागतो, धावत्या मुलाला १/५०० सुद्धा कमी पडतो. ५० मिमीला १/१२५ वर तुमचा हात तसाही अडचण नव्हता! मग पाच स्टॉप घेऊन करणार काय? एफ/४ वरून एफ/१.८ वर गेलात तर सव्वादोन स्टॉपपेक्षा जास्त खराखुरा प्रकाश मिळतो, आणि तो माणसाची हालचालही गोठवतो. उडत्या पक्ष्यांनाही हेच लागू. १/२००० वर स्टॅबिलायझरचा फोटोला फारसा फायदा नाही, पण ४०० मिमीला फ्रेम डोळ्यासमोर स्थिर राहते आणि पक्षी चौकटीत धरणं सोपं जातं, म्हणून मी तो चालूच ठेवतो. खरा फायदा फांदीवर बसलेल्या पक्ष्याला. पहाटे १/६० वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आटोक्यात ठेवून फोटो मिळतो, तेव्हा लेन्समधल्या त्या काचांचे पैसे वसूल होतात.

पुढे कधी स्टॅबिलाइज्ड बॉडी घेतलीत तर दोन्ही एकत्र चालतात का ते जोडीनुसार बघा. सोनीत स्टॅबिलाइज्ड लेन्स लावली की कल लेन्स सावरते, आडवं सरकणं आणि फिरणं बॉडी. पण ऑलिंपसच्या बॉडीवर पॅनासॉनिकची स्टॅबिलाइज्ड लेन्स लावली तर माउंट (लेन्स बसवायची जोडणी) एकच असूनही एका वेळी दोन्हींपैकी एकच चालतं. गाडीला किंवा रिगला कॅमेरा बांधून व्हिडिओ करणाऱ्यांना तर तरंगता सेन्सर नकोच असतो. पॅनासॉनिकने २०१८ च्या जीएच५एस मध्ये स्टॅबिलायझर मुद्दाम ठेवला नाही.

तेव्हा टेलिझूम घ्या आणि उरलेल्या पैशात ३५ किंवा ५० मिमी एफ/१.८ बघा. झूम हातात आली की फांदी, खांब असं काहीतरी न हलणारं निवडा. ४०० मिमीला १/१००, १/५०, १/२५ अशा प्रत्येक शटरवर स्टॅबिलायझर चालू करून आणि बंद करून दहा-दहा फोटो काढा, आणि शंभर टक्के मोठे करून धारदार किती ते मोजा. शटर अर्धं दाबल्यावर दृश्य स्थिरावायला क्षणभर लागतो, तेवढं थांबून मगच पूर्ण दाबा. तुमच्या हाताचा खरा आकडा त्यातूनच कळेल. तो इथे टाकलात तर पुढच्या बॉडीबद्दल नक्की बोलता येईल.