आपलाच उमेदवार चिखलफेक करतो तेव्हा

स.न.वि.वि.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी आणि आमचे हे, दोघंही अमेरिकन नागरिक आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे नोंदणीकृत मतदार. इथल्या एका उमेदवारासाठी आम्ही बरीच वर्षं फोन केले, दारोदार फिरलो, दर महिन्याला देणगी दिली. ते आमच्या मंडळाच्या गणपतीला येतात, आरतीला उभे राहतात. यंदा काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या जागेसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत त्यांच्यासमोर भारतीय वंशाचा एक तरुण उभा आहे. गेल्या आठवड्यात मेलबॉक्समध्ये त्याच्याविरुद्धचं पत्रक आलं. त्याचा चेहरा मुद्दाम काळपट केलाय आणि खाली मोठ्या अक्षरांत विचारलंय, 'हा खरंच आपल्यातला आहे का?' सतरा वर्षांची लेक ते हातात घेऊन म्हणाली, "आई, हे काका आपल्याबद्दलही मागे असंच बोलत असतील ना?" ह्यांचं म्हणणं, राजकारणात हे चालायचंच. बाप-लेकीत अबोला आहे. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोज हमरीतुमरी. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेला भाचा चिडून समोरच्या उमेदवाराला देणगी द्यायला निघालाय. मला पक्षच सोडावासा वाटतोय. काय करू?

– एक वाचक

प्रिय ताई,

तुमचा संताप रास्त आहे, आणि यजमानांचं 'चालायचंच' मला अजिबात पटलेलं नाही. तुमच्या घरात येणारा, तुमच्या गणपतीपुढे हात जोडणारा माणूस तुमच्यासारख्याच रंगाचा चेहरा काळा करून 'आपल्यातला आहे का' असं विचारत असेल, तर तो प्रश्न तुमच्या लेकीलाही विचारलेला आहे. तिला तो बरोबर ऐकू आला.

आधी ते पत्रक उलटून पाहा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत खर्च कुणी केला ते छापलेलं असतं. तिथे उमेदवाराच्या स्वतःच्या समितीचं नाव असेल, तर विषय संपला, ते काम त्यांचंच. एखाद्या भलत्याच समितीचं नाव असेल, तर ती बहुधा सुपर पॅक असणार. 2010 पासून या समित्यांना अमर्याद पैसा गोळा करून खर्च करता येतो, फक्त उमेदवाराशी संगनमत करता येत नाही. त्यामुळे घाण काम बाहेरच्या समितीने करायचं आणि उमेदवाराने हात झटकायचे, अशी सोय झाली आहे. पण 'हे मला मान्य नाही' असं जाहीरपणे म्हणायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. माणसाची परीक्षा तिथेच होते.

तुमच्या शेजारच्या न्यू यॉर्कमधलं 2025 चं उदाहरण आठवत असेल. महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत अँड्र्यू कुओमो यांना पाठिंबा देणाऱ्या एका बाहेरच्या समितीच्या पत्रकाचा मसुदा फुटला. त्यात कुओमोंचे मुस्लीम प्रतिस्पर्धी झोहरान ममदानी यांची दाढी मूळ फोटोपेक्षा काळी आणि दाट दिसत होती. पत्रक नाकारलं होतं, असा खुलासा समितीने केला. ममदानींनी त्यावर उघड आक्षेप घेतला आणि 24 जूनची प्रायमरी तेच जिंकले.

प्रायमरी ही पक्षातली भाऊबंदकी. धोरणांत फारसा फरक नसतो, म्हणून माणसावरच घसरतात. तरीही प्रत्येक हल्ला सारखा नसतो, आणि हा फरक लेकीशी बोलताना तुम्हाला लागेल. 2008 मध्ये हिलरी क्लिंटन यांनी टेक्सासच्या प्रायमरीआधी एक जाहिरात काढली: पहाटेचे तीन वाजलेत, मुलं झोपलीत, व्हाइट हाउसमधला फोन वाजतोय, तो कुणी उचलावा? ओबामांच्या अननुभवावर तो उघड वार होता, जाहिरातीवर क्लिंटन यांचं नाव होतं. ओबामांनी उत्तर दिलं, लोकांनी निवाडा केला. 2019 मध्ये मायामीच्या वादसभेत कमला हॅरिस यांनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकाच शाळेत आणण्यासाठीच्या बससेवेच्या जुन्या वादावरून जो बायडेन यांना तोंडावर धारेवर धरलं. पुढच्याच वर्षी बायडेन यांनी त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी निवडलं. असे घाव भरून येतात.

साउथ कॅरोलायनातला 2000 सालचा प्रकार मात्र वेगळा. जॉन मॅकेन न्यू हॅम्पशायरची रिपब्लिकन प्रायमरी मोठ्या फरकाने जिंकून आले होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने बांगलादेशातल्या अनाथाश्रमातून एक मुलगी दत्तक घेतली होती. तिच्या सावळ्या रंगाचा आधार घेऊन कुजबुज सुरू झाली की, मॅकेन यांना कृष्णवर्णीय स्त्रीपासून झालेलं अनौरस मूल आहे. पत्रकं वाटली गेली, पाहणीच्या नावाखाली फोन गेले. मॅकेन ते राज्य हरले. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांच्यासमोर असलेल्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या प्रचारयंत्रणेने आपला संबंध नाकारला आणि आजवर कुणी त्याची जबाबदारी घेतलेली नाही. एका लहान मुलीला यात ओढलं गेलं, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. तुमच्या हातातलं पत्रक याच जातीचं आहे. त्यात कामाबद्दल एक अक्षर नाही, फक्त कातडीचा रंग आहे.

आता तुम्ही काय करायचं ते. तुमचा राग सर्वात जास्त टोचेल तो तुमच्याच उमेदवाराला, कारण विरोधकाची तक्रार त्यांच्या हिशेबात धरलेलीच असते. 2007 च्या जूनमध्ये ओबामांच्या प्रचारकांनी पत्रकारांना एक टिपण पाठवलं होतं. त्यात हिलरी क्लिंटन यांचा उल्लेख, लोकप्रतिनिधीच्या नावापुढे पक्ष आणि राज्य लिहायची पद्धत वापरून, 'डेमोक्रॅट, पंजाब' असा केला होता, कारण भारताशी असलेले त्यांचे आर्थिक संबंध. भारतीय अमेरिकन लोक खवळले, त्यात ओबामांचे समर्थकही होते. ओबामांनी ती मूर्खपणाची चूक असल्याचं स्वतः मान्य केलं. आपल्या माणसांनी आवाज उठवला की असं घडतं.

म्हणून मासिक देणगी आज थांबवा आणि कारण लिहून कळवा. लांबलचक नको. 'आम्ही इतकी वर्षं तुमच्यासाठी दारं ठोठावली. या पत्रकातला चेहरा आमच्या मुलांसारखा दिसतो. तुम्ही ते जाहीरपणे नाकारेपर्यंत आमचं काम आणि पैसे बंद.' सोबत पत्रकाच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडा. ओळखीच्या ज्या चार घरांनी देणगी दिली आहे त्यांनाही आपापलं पत्र लिहायला सांगा. आठवडाभरात स्पष्ट शब्दांत उत्तर आलं नाही, तर माझ्या मते त्यांना मत देऊ नका. पण समोरच्याला मत द्यायचं तर त्याची भूमिका वाचून द्या, केवळ रागाने नको. आणि पक्ष सोडायचं सध्या मनातून काढा. उमेदवार कोण, हा निर्णय पक्षाच्या मतदारांच्याच हातात आहे, तर तुम्ही तो दुसऱ्यांवर का सोपवता?

मंडळाच्या ग्रुपचं वेळीच आवरा. मंडळ 501(सी)(3) या, धर्मादाय संस्थांसाठीच्या करकायद्यातल्या कलमाखाली करमुक्त असेल, तर मंडळाच्या नावाने कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला 1954 पासून मनाई आहे. अध्यक्षांना सांगा, वाद ज्याच्या त्याच्या खासगी फोनवर करा. गणपतीत उमेदवारांना बोलवायचंच असेल तर सगळ्यांना बोलवा.

भाच्याला मात्र आजच फोन करा. एच-वन-बीवर असताना निवडणुकीसाठी देणगी देता येत नाही. त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. दुसऱ्याच्या नावाने देणं हाही गुन्हाच. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून तो फोन करू शकतो, दारोदार फिरू शकतो, पण पैशाच्या बाबतीतले निर्णय घेण्यात भाग घेऊ शकत नाही. मत देण्याचा तर विचारही नको, कधीतरी ग्रीन कार्ड घ्यायचंय ना त्याला.

यजमानांशी भांडू नका. त्यांनी या माणसासाठी कित्येक शनिवार-रविवार घालवले, आता 'हे चूक आहे' म्हणणं त्यांना जड जाणार. पण लेकीसमोर त्यांनी ते एकदा म्हणायला हवं. शक्य असेल तर ते पत्र दोघांनी मिळून लिहा, खाली सही त्यांची असू दे, आणि पाठवण्याआधी तिला वाचायला द्या.

तिच्याबद्दल तुम्हाला बहुधा माहीत नसेल असं एक सांगते. 2026 पासून न्यू जर्सीत सतरा वर्षांच्या नागरिकाला प्रायमरीत मत देता येतं, नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर. नोंदणी निवडणुकीच्या 21 दिवस आधी व्हायला हवी. तिचा वाढदिवस कधी आहे ते पाहा आणि या शनिवारीच तिचा अर्ज भरून टाका.