बोलण्यातला खो

प्रिय मित्रा,

वर्गातल्या मुलांना इंग्रजी वाक्यं येतात, पण दोघांना समोरासमोर बसवलं की एक जण पाठ केलेलं भाषण म्हणून मोकळा होतो आणि दुसरा मख्खासारखा बघत राहतो, हे तू लिहिलंस. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी इंग्रजी बोलणं म्हणजे वक्तृत्व स्पर्धा हा समज काही जात नाही. तेव्हा शब्दसंग्रहाच्या मागे तूर्त लागू नकोस. बोलणं हातात घ्यायचं कसं आणि सोडायचं कधी, ते शिकव.

आधी मुलांची अडचण बघ. दहा भाषांमधल्या गप्पांची तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. हो-नाही उत्तराच्या प्रश्नानंतर उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, असं त्यात दिसलं. चित्रातल्या वस्तूचं नाव तोंडातून निघायलाच याच्या सुमारे तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर जुळायला लागलेलं असतं. तुझा विद्यार्थी मात्र वाक्य संपेपर्यंत थांबतो, मग मनात मराठी करतो, मग इंग्रजी. तोवर विषय बदललेला.

म्हणून अंदाज बांधायची सवय लाव. 'आय मिस्ड द बस, सो आय केम बाय…' एवढं म्हणून शेवट गिळून टाक. शेवट ऐकायची वाट न बघता कुणीतरी पुढे बोलायचं.

खो-खो तर पोरांच्या अंगातच आहे. बोलणाऱ्याने प्रश्नावर थांबायचं आणि कुणाचं तरी नाव घेऊन खो द्यायचा. हे जमलं की नाव घेणं बंद. आता ज्याला सुचेल त्याने आपणहून उठायचं. इथे वर्ग गप्प होईल. होऊ दे. आपण शिक्षक सेकंदभर थांबून लगेच उत्तर सांगून टाकतो. तीन सेकंद मोज, जड जाईल.

चिंचोक्यांचा खेळही कर: प्रत्येकी पाच, बोललं की एक खाली टाकायचा. पण दोन-चार दिवसच. पुढे पोरं चिंचोके संपवायला काहीबाही बोलतात.

माझा लाडका प्रकार मात्र कॉमेंट्रीचा. मोबाइलवर सामना लाव, आवाज बंद. एकाने फक्त चेंडू सांगायचा, 'शॉर्ट बॉल, पुल्ड, फोर!' आणि गप्प व्हायचं. दुसऱ्याने 'वेल, दॅट वॉज पुअर बोलिंग' म्हणत शिरायचं आणि गोलंदाज धावायला लागायच्या आत आवरतं घ्यायचं. लाजऱ्या पोराला 'गुड शॉट' एवढंही पुरतं. बडबड्या पोराचा चेंडू हुकला की वर्ग हसतो, तुला रागवावं लागत नाही. 'वेल', 'या, बट' हे शब्द भिंतीवर चिकटवू नकोस. पोरगं अडलं की हळूच कानात सांग.

आणि एकमेकांच्या बोलण्यात बोलणाऱ्यांना सरसकट दटावू नकोस. आपल्या घरांत चौघं एकदम बोलतात, मध्येच 'हो ना', 'मग?' येतं, त्याने गप्पा रंगतात. इंग्रजीतही ऐकणाऱ्याने 'रिअली?', 'ओ नो!' करावं लागतं. तेही शिकव.

कॉमेंट्रीसाठी हायलाइट्स घेऊ नकोस, त्यात दोन चेंडूंमधला वेळच कापलेला असतो. अख्खं षटक घे, तेही वेगवान गोलंदाजाचं. फिरकीवाला दुसऱ्या पोराला तोंड उघडू देणार नाही.

तुझा,
सर